यझ्द : पाण्याचा हिशेब ठेवणारे शहर

सोलापूरच्या उन्हाळ्याची ओळख सोलापूरकराला करून द्यावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हा घरोघरी पहिला प्रश्न होऊन बसतो. पाणी आले की पिंप, हंडे, कळशा आणि शेवटी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात. आपल्या जिल्ह्याला 'दुष्काळी' हे विशेषण इतके चिकटले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आपल्याला वाटत नाही. सोलापुरात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. इराणच्या मध्यभागी यझ्द नावाचे एक शहर आहे. तेथे वर्षाला जेमतेम पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या एक दशांश. तरीही हे शहर दीड हजार वर्षांहून अधिक काळ नांदते आहे, आज त्याची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक आहे आणि २०१७ साली युनेस्कोने त्याच्या जुन्या वस्तीला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

एवढ्याशा पावसावर एक शहर कसे उभे राहिले, हा प्रश्न यझ्दविषयी वाचताना सर्वांत आधी पडतो. त्याचे उत्तर शोधू लागलो की वाट पुन्हा आपल्याच प्रदेशात येऊन पोहोचते, हे या लेखात दाखवायचे आहे.

प्रथम नावाविषयी. 'यझ्द' या नावाचा संबंध प्राचीन इराणी भाषेतील 'यझत' या शब्दाशी जोडला जातो. 'यझत' म्हणजे पूजनीय, यजनास योग्य. आपल्या 'यज्' धातूचा आणि वेदातील 'यजत' शब्दाचा हा सख्खा भाऊ. शहराच्या स्थापनेचे श्रेय परंपरा सासानी वंशातील पहिला यझ्दगर्द या राजाला देते. दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत या दोन मोठ्या वाळवंटांच्या मधल्या पट्ट्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर ते वसले आहे. नैर्ऋत्येला शीरकूह हा चार हजार मीटरांहून उंच पर्वत आहे. त्याच्या माथ्यावर हिवाळ्यात बर्फ साचते, वितळते आणि पायथ्याच्या गाळमातीत जिरते. यझ्दचे सगळे भांडवल एवढेच.

हे भांडवल शहरापर्यंत आणण्यासाठी जी रचना केली तिला 'कनात' किंवा 'कारेझ' म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी भूजल लागेपर्यंत एक खोल विहीर खणायची. तिला 'मादर चाह', म्हणजे आईविहीर, असे सार्थ नाव आहे. मग त्या पाण्याला अगदी मंद उतार देत जमिनीखालून एक बोगदा काढायचा, की तो काही किलोमीटरांवर आपोआप जमिनीच्या पातळीवर उघडेल. वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडायच्या. त्यांतून आत हवा जाते, माती वर काढता येते आणि पुढे दुरुस्तीसाठी उतरता येते. मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत. पाणी केवळ उताराने चालत येते, आणि भूमिगत असल्याने उन्हात आटत नाही. उतार थोडा जास्त झाला तर प्रवाह बोगद्याची माती कापत जाईल, कमी झाला तर पाणी तुंबेल. हा तोल सांभाळणाऱ्या कारागिरांना 'मुकन्नी' म्हणत, आणि यझ्दचे मुकन्नी साऱ्या इराणात नावाजलेले होते. ते पांढरे कपडे घालून खाली उतरत. अंधारात माणूस दिसावा हे त्याचे एक कारण, आणि वरची माती कोसळलीच तर कफन अंगावर असावे हे दुसरे. यझ्दखालून जाणारी झार्चची कनात सत्तर किलोमीटरांहून अधिक लांब आहे. इराणातील ज्या अकरा कनाती २०१६ साली जागतिक वारसा ठरल्या, त्यांत ती आहे.

पाणी आणण्याइतकेच अवघड काम ते वाटण्याचे. यझ्दच्या परिसरात पाण्यावरची मालकी जमिनीच्या मालकीपासून वेगळी असे. पाण्याचा वाटा विकता येई, वारसाने मिळे, धर्मादाय देता येई. आणि तो मोजला जाई वेळेत. त्यासाठी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे लहान भांडे सोडत. ते भरून बुडाले की एक माप झाले. ज्याच्या शेताला जितकी मापे ठरलेली असतील, तितका वेळ पाणी त्याच्या पाटाला. ही नोंद ठेवणारा अधिकारी म्हणजे 'मीराब', पाण्याचा मुख्य. हे वर्णन वाचताना मराठी वाचकाला थबकावे लागते, कारण हे भांडे त्याच्या ओळखीचे आहे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी आपल्याकडे जे घटिकापात्र घंगाळात सोडत, ते हेच. 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. आपण त्या भांड्याने मुहूर्त मोजला, यझ्दने पाणी मोजले. पाणी वाटणारा माणूस मात्र आपल्याकडेही होता. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाटाचे पाणी पाळीने देणारा 'पाटकरी' म्हणजे मीराबाचा मराठी भाऊबंद.

शहरात शिरल्यावरही असे ओळखीचे शब्द भेटत राहतात. यझ्दची घरे कच्च्या विटांची आणि भुसा कालवलेल्या मातीच्या गिलाव्याची. आपल्या माळवदाच्या घरांशी नाते सांगणारी. भिंती जाड, गल्ल्या अरुंद आणि उंच भिंतींच्या सावलीत झाकलेल्या. छपरांवर मात्र चौकोनी मनोरे उभे दिसतात. हे 'बादगीर'. 'बाद' म्हणजे वारा, 'गीर' म्हणजे धरणारा. वरून जाणारा वारा हे मनोरे पकडतात आणि खालच्या खोलीत उतरवतात. पुष्कळदा तो पाण्याच्या हौदावरून फिरून गार होतो. पालखीपुढे जी अब्दागिरी चालते तिचे मूळ 'आफ्ताबगीर', ऊन धरणारा, हे ध्यानात घेतले की बादगीर परका राहत नाही. दौलताबाद बागेतील अठराव्या शतकातला बादगीर सुमारे तेहतीस मीटर उंच आहे. शहरातल्या पाण्याच्या घुमटाकार टाक्यांना 'आब-अंबार' म्हणतात. 'आब' म्हणजे पाणी आणि 'अंबार' म्हणजे साठा, जो आपल्याला पन्हाळ्याच्या अंबारखान्यामुळे माहीत आहे. आपण धान्याचे अंबार बांधले, त्यांनी पाण्याचे. त्यांवरही बादगीर असतात. एका प्रसिद्ध टाकीवर तर सहा आहेत. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, विसाव्या शतकात माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचून त्या शब्दांचे ऋण मोजून दाखवले. पण असे कितीतरी शब्द आपल्या घराच्या भिंतींत कायमचे लिंपले गेले आहेत.

पाहण्यासारखे यझ्दमध्ये आणखी पुष्कळ आहे. जुम्मा मशीद मुख्यतः चौदाव्या शतकातली. तिच्या दर्शनी कमानीवरचे दोन मिनार इराणात सर्वांत उंच मानले जातात, आणि निळ्या फरशीकामावरून नजर हलत नाही. याच मशिदीतून पायऱ्या उतरून झार्च कनातीच्या पाण्यापर्यंत जाता येते. तैमूरी काळातील सुभेदार अमीर चख्माक आणि त्याची पत्नी फातिमा खातून यांनी पंधराव्या शतकात उभारलेला चौक शहराचे हृदय समजला जातो. मार्को पोलो १२७२ च्या सुमारास येथून गेला आणि येथल्या रेशमी कापडाची त्याने आवर्जून नोंद केली. 'तिर्मे' हे येथले नक्षीदार वस्त्र आजही प्रसिद्ध आहे. ही विणकरी पाहून सोलापूरची आठवण न होणे अशक्य. जेथे शेतीचा भरवसा नाही तेथे माणसे मागाकडे वळतात. १८७७ साली स्थापन झालेली आपली जुनी मिल, पद्मशाली समाजाचे हातमाग आणि पुढे जगभर गेलेली सोलापुरी चादर यांचा इतिहास कोरड्या आभाळाखालीच घडला. यझ्दजवळच्या तफ्तची डाळिंबे नावाजलेली आहेत, आणि आपल्याकडे सांगोल्याची. हा आणखी एक धागा.

येथवरचे चित्र मनोहर आहे. पण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण येथे थांबू शकत नाही. वाटणी काटेकोर असणे आणि ती न्याय्य असणे यांत अंतर असते. यझ्द हे इराणमधील झरतुष्ट्री समाजाचे प्रमुख आश्रयस्थान. अरब विजयानंतर हा समाज जो आक्रसत गेला, तो यझ्द आणि किर्मान या दोन वाळवंटी प्रदेशांत टिकून राहिला. पण कोणत्या अटींवर? नेपियर माल्कम हा इंग्रज मिशनरी यझ्दला पाच वर्षे राहिला आणि त्याने १९०५ साली त्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्याने नोंदवलेले निर्बंध वाचवत नाहीत. पारशाच्या घराची भिंत ठरावीक उंचीपलीकडे नेता येत नसे, माडी बांधता येत नसे. १८९५ पर्यंत त्याला छत्री वापरण्याची मुभा नव्हती. आणि बादगीर? तो बांधण्याची परवानगीसुद्धा १९०० च्या सुमारास, एका धनिक पारशी व्यापाऱ्याने सुभेदाराला मोठा नजराणा दिल्यावर मिळाली. ज्या शहराने वारा धरण्याची कला जगाला दाखवली, त्या शहराने आपल्याच काही माणसांना वारा नाकारला होता. हे वाचून दुसऱ्या कुणाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, हे महाराष्ट्राने विसरून चालणार नाही.

या निर्बंधांना आणि दारिद्र्याला कंटाळून यझ्द-किर्मानच्या खेड्यांतून माणसे निघाली ती मुख्यतः मुंबईकडे. त्याआधी मुंबईच्या पारशी समाजाने आपल्या इराणी बांधवांसाठी माणकजी लिमजी हातरिया यांना १८५४ साली इराणला धाडले होते. या चिकाटीच्या माणसाने शाळा काढल्या, दरबारी खेटे घातले, आणि अखेर १८८२ साली झरतुष्ट्र्यांवरील जिझिया रद्द झाला. तोवर स्थलांतराची वाट रुळली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या या लोकांना आपण 'इराणी' म्हणू लागलो. चौकाच्या कोपऱ्यावरची त्यांची हॉटेले, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि ब्रून मस्का यांच्याशिवाय मुंबई-पुण्याचे विसाव्या शतकातले वाङ्मयीन आयुष्य पुरे होत नाही. किती चर्चा, किती कविता, किती नियतकालिकांच्या योजना तेथल्या एका चहावर तासन्‌तास चालल्या असतील! पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेहेरबाबा यांचे वडील शेरियार इराणी हे यझ्दजवळच्या खुर्रमशाहचे. म्हणजे अहिल्यानगरजवळच्या अरणगावची समाधीसुद्धा त्या वाळवंटाशी जोडलेली आहे.

आणि ही वाट एकेरी नव्हती. यझ्दच्या आतश बहराममध्ये जो अग्नी तेवतो तो इसवी सन ४७० पासून अखंड असल्याचे परंपरा सांगते. त्याची आजची वास्तू १९३४ साली बांधली गेली, आणि तिच्यासाठी मुंबईच्या पारशांनी पैसा पाठवला होता. ज्यांचे पूर्वज परागंदा झाले, त्यांनी मागे राहिलेल्या अग्नीसाठी छप्पर उभारले.

सोलापूरकराला मात्र यझ्दकडे नेणारी त्याहून जुनी वाट आहे, आणि ती बीदरवरून जाते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत शाह निअमतुल्ला वली हा थोर सूफी काही काळ यझ्दजवळच्या तफ्तला राहिला. तेथे त्याची खानकाह होती. पुढे किर्मानजवळच्या माहानला तो स्थिरावला आणि १४३१ साली निवर्तला. गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला हलवणारा बहमनी सुलतान पहिला अहमदशाह (१४२२ ते १४३६) त्याचा भक्त होता. सुलतानाने त्याला दक्षिणेत येण्याचे निमंत्रण दिले. निअमतुल्ला आला नाही, पण त्याचा नातू आला आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलगा खलीलुल्लाही आला. त्याची 'चौखंडी' बीदरजवळ अष्टूरच्या वाटेवर उभी आहे. माहानच्या दर्ग्याचा मूळ घुमट बांधला गेला तो याच बहमनी सुलतानाच्या खर्चाने. किर्मानच्या वाळवंटात दख्खनचा पैसा आणि बीदरच्या लाल मातीत इराणचा सूफी, असा हा व्यवहार होता.

त्याच काळात बीदरला कारेझ आली. नौबादची कारेझ आणि तिच्या उभ्या विहिरी गेल्या दशकात साफ करून पुन्हा उजेडात आणल्या गेल्या. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून मुरते आणि खालच्या काळ्या कातळावर अडते. त्या सांध्यातले पाणी बोगद्याने काढता येते, हे ज्या कुणी ओळखले त्याची नजर यझ्दच्या मुकन्नीची होती. पुढे मलिक अंबरने खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, आणलेली नहर आणि बुऱ्हाणपूरचा १६१५ चा कुंडी भंडारा हे त्याच विद्येचे वंशज. सोलापूरची भूमी मात्र कठीण बेसाल्टची. येथे ती विद्या तशीच उचलून चालली नसती. येथले उत्तर वेगळे होते : बारव, विहीर आणि तळे.

आणि तळे म्हटले की सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकात सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला, या शिवयोग्याने लोकांच्या श्रमातून तळे खोदले. शरण परंपरेत अशी कथा आहे की हे काम चालू असताना अल्लमप्रभू तेथे आले आणि बाहेरचे पाणी साठवणाऱ्या सिद्धरामाला त्यांनी आतल्या झऱ्याची वाट दाखवली. आता या धाग्याचे दुसरे टोक पाहा. अष्टूरला अहमदशाहची कबर आहे. तिच्या आतल्या भिंतींवर निअमतुल्लाची वचने सोनेरी-रंगीत अक्षरांत लिहिली आहेत. याच अहमदशाहला तेथले लिंगायत भाविक अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. त्याचा उरूस चांद्र हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो आणि त्यात माडियाळ गावच्या जंगमाला मान असतो. विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो, तेव्हा त्या घुमटाखालच्या अंधुक उजेडात एकाच माणसाला 'वली' आणि 'अल्लम' म्हणणारी दोन कुटुंबे शेजारी शेजारी नारळ घेऊन उभी होती. तफ्तचा सूफी, बीदरचा सुलतान, कल्याणचा अल्लम आणि सोलापूरचे तळे ही साखळी इतिहास, श्रद्धा आणि दंतकथा अशा वेगवेगळ्या कड्यांची आहे, हे मान्य. पण लोकस्मृतीने ती जोडताना जी माणसे निवडली, त्यांच्या कथांतून पाणी वाहते, हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.

आज यझ्दचे काय चालले आहे? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पंप बसवलेल्या खोल विहिरी आल्या. कनात भूजलाच्या पातळीवर अवलंबून असते. ती जितके झिरपते तितकेच घेऊ शकते. पंपाला असा संकोच नसतो. पातळी खाली गेली आणि अनेक कनाती कोरड्या पडल्या. तांब्याचे भांडे संग्रहालयात गेले. वाढते शहर आणि कारखाने यांसाठी इस्फहानच्या झायंदेरूद नदीचे पाणी नळवाटे यझ्दला आणले गेले. पण ती नदीच आटू लागली, तेव्हा २०१३ साली इस्फहानच्या पूर्वेकडील संतप्त शेतकऱ्यांनी ती जलवाहिनी फोडली आणि यझ्दमध्ये पाण्याची टंचाई झाली. शतकानुशतके स्वतःच्या डोंगराच्या पाण्यावर भागवणारे शहर दुसऱ्याच्या नदीवरून भांडणात ओढले गेले.

हे वाचताना नावे बदलली तरी गोष्ट आपलीच राहते. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे कूपनलिका आल्या आणि त्या दरवर्षी अधिक खोल जात राहिल्या. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. शहराची तहान आता बरीचशी त्याच भीमेच्या पाण्यावर भागते. २०२१ साली उजनीचे पाणी इंदापूरला देण्याच्या निर्णयावरून जिल्हा पेटला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. ज्याला आपण दुष्काळी म्हणतो त्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची गर्दी आहे, आणि ऊस किती पाणी पितो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. हमीभावाची खात्री देणारे दुसरे पीक त्याच्यापुढे कुणी ठेवले? पण यझ्दने पन्नास मिलिमीटरांत जे चालवले ते आपल्याला त्याच्या दहापटीत जमत नाही, याचे कारण पावसात शोधता येणार नाही. पाणी किती आहे हे ठाऊक असणे, ते सर्वांसमोर मोजले जाणे आणि मोजणाऱ्यावर सर्वांचा विश्वास असणे, या तीन गोष्टी तेथे शतकानुशतके होत्या. पंप आल्यावर त्या प्रथम गेल्या. पाणी त्यांच्यामागून गेले. आणि त्या वाटणीतूनही काही माणसे वगळलेली होती, हेही तेवढेच खरे. नवी वाटणी करताना जुनी जशीच्या तशी उचलता येणार नाही.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज मिरवतात, आणि सारे सोलापूर सिद्धेश्वर तळ्याच्या काठी लोटते. आपण तळ्याला हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो. ते तळे खोदायला त्या काळी किती हात लागले असतील आणि त्यातले पाणी कुणी कसे वाटून घेतले असेल, हा प्रश्न मात्र त्या गर्दीत सहसा कुणी विचारत नाही. यझ्दचा मीराब त्या काठावर उभा राहिला असता, तर त्याने बहुधा तोच पहिल्यांदा विचारला असता.